न फुटणारे पेले

मंगळवार, २६ सप्टेंबर

डॉक्टरने सांगितलंय, मनात आलं की लगेच ओरडायचं नाही, वहीत लिहायचं. रक्तदाब खाली येतो म्हणे. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं असताना अख्ख्या दमियात शहरात कुठल्या बाईचा रक्तदाब खाली असतो, ते त्यानेच मला दाखवावं. पण लिहिलं नाही तर गोळ्या वाढवीन अशी धमकी दिलीय, म्हणून लिहिते.

तर आज पेले आणले! नीश पूर्ण झाला! रुफैदा शाळेत जात होती तेव्हापासून मी तिच्या नीशसाठी, सासरी न्यायच्या शोभेच्या कपाटासाठी, एकेक वस्तू जमवतेय. बशा, सरबताचे जग, सोनेरी काठाच्या वाट्या. कपाट तिच्या बापाने, साबिरने, स्वतःच्या हाताने केलंय. आत आरसे, वर दिवे. असं काम गल्लीत दुसऱ्या कुणाला येत नाही, आणि हे मी त्याची बायको म्हणून सांगत नाही. एक चहाचे पेले तेवढे राहिले होते.

दुकानदार म्हणाला, "मावशी, हे साधे नाहीत. कडक केलेली काच आहे. भट्टीत तापवून एकदम गार करतात, मग ती लोखंडासारखी होते." मी म्हटलं, बोलायला काय जातंय? तर त्याने पेला उचलला आणि दिला फरशीवर टाकून! मी किंचाळले. पेला टण्ण करून उडाला आणि घरंगळत माझ्या चपलेपाशी येऊन थांबला. साधा टवकासुद्धा नाही! मी तिथल्या तिथे चोवीस घेतले.

खोक्यात बारीक अक्षरांचा एक कागद होता. रुफैदा वाचायला बसली. मी म्हटलं, "अगं, पेल्यात चहा प्यायचा असतो, अभ्यास नाही करायचा." कागद लोणच्याच्या बरणीखाली घातला.

गुरुवार, २८ सप्टेंबर

पेल्यांवरची लेबलं काही केल्या निघेनात. मेल्यांनी कसला गोंद लावलाय कोण जाणे. शेवटी सुरीच्या टोकाने खरवडली, मग भांड्यांची तार आणि खरखरीत पावडर घेऊन असे घासले की चंद्राने लाजावं.

रुफैदा म्हणाली, "आई, तार नको. चरे पडतात."

"जमिनीवर आपटून फुटला नाही, तो घासून फुटेल होय?"

"फुटण्याचं नाही गं, त्या कागदात लिहिलं होतं की..."

मला वेळ नव्हता. वरच्या मजल्यावरची एतिमाद आली होती. तिला पेले दाखवले. तिला खरं वाटेना, म्हणून एक टाकून दाखवला. टण्ण! एतिमादने छातीवर हात मारून घेतला. मग तिची नणंद आली, तिला दाखवला. मग दूधवाल्याची बायको. दुपारपर्यंत जिन्यात रांग लागली! हाताला येईल तो पेला उचलायचा आणि टाकायचा. बायका किंचाळतात, पेला हसतो. इतकी मजा मला माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा आली नव्हती.

नंतर एकात एक घालून मनोरे करून ठेवले. दोन अडकून बसले, तर सुरीच्या मुठीने ठोकून सोडवले.

एक गोष्ट इथेच लिहिते, कुणाला सांगणार नाही. चोवीसपैकी सहा मी नीशमध्ये देणार नाही. घासल्या घासल्याच, एतिमाद यायच्या आधी, टॉवेलात गुंडाळून माझ्या जुन्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवलेत. रुफैदा माहेरी आली की तिला तिच्याच पेल्यात चहा देईन. कुणी पाहिले नाहीत, एतिमादनेसुद्धा नाही.

सोमवार, २ ऑक्टोबर

येत्या गुरुवारी सामान न्यायचं. झोप कसली लागतेय! होणाऱ्या जावयाने, हुसामने, घेतलेलं घर इथून चार गल्ल्या पलीकडे आहे, चालत गेलं तर चुलीवरचं दूध उतू जाण्याआधी परत येता येईल. तरी मेलं मंगळावर घेतल्यासारखं वाटतं.

हुसाम चांगला आहे. त्याची आई, हाग्गा नबविय्या, मन्सूराची. हज करून आल्यापासून सगळे तिला हाग्गा म्हणतात. नवरा नाही, एकुलता एक मुलगा. बाई तिखट. साखरपुड्याला मी इतकी ताटं मांडली आणि ही सगळ्यांसमोर म्हणते, "विहीणबाई, मी तर घाबरत घाबरत आले होते. म्हटलं, दमियातचे लोक चिकट, पाहुण्याला विचारतात म्हणे, जेवणार की हलक्या पोटाने झोपणार?" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन उशीला बुक्क्या मारल्या.

म्हणून तर हा नीश असा भरायचा की मन्सूराने दिपून जायला हवं.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

काय दिवस! काय दिवस!

तीन उघड्या गाड्या, पुढे ढोल, गाद्या, फ्रिज, सगळ्यांत वर नीश, दोन्हीकडून पोरांनी धरलेला. खिडक्याखिडक्यांतून बायका जीभ हलवून उलुलुलु करतायत, मी सगळ्यांत जोरात. चार गल्ल्यांचं अंतर, पण साबिरने गाड्या मुद्दाम बाजारातून फिरवल्या. एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस ढोलासमोर काठी घेऊन नाचला! रुफैदा हसून हसून रडली.

नीश मी स्वतः लावला. मधल्या कप्प्यात पेल्यांचा मनोरा, खाली सहा, त्यावर पाच, असा वर निमुळता. साबिरने दिवे लावले तेव्हा पेल्यांतून असा उजेड फुटला की मला रडू आलं. दिवेही कसले, हात लावला तर चटका बसेल. मी म्हटलं, लग्नापर्यंत विझवायचे नाहीत. येणारा जाणारा बघू दे.

रुफैदा म्हणाली, "आई, वरचे पेले तापतायत."

"तापू देत. चहा काय गार पितात?"

मग हाग्गा नबविय्या आली. नीशसमोर उभी राहिली. कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, "विहीणबाई, इतके लखलखीत पेले मी जन्मात पाहिले नाहीत हो."

बस्. पुढे काही नाही. माशाल्ला म्हणाली नाही! अल्लाचं नाव न घेता कौतुक केलं की नजर लागते, ते तिला कळत नाही? हजला जाऊन आलेल्या बाईला? मीच मनातल्या मनात तीनदा म्हणून टाकलं.

शनिवार, ७ ऑक्टोबर

जेवणं राहू देत, आधी हे लिहिते.

नव्या घरात पडदे लावायला गेलो होतो, मी आणि रुफैदा. नीशचं दार बंद, किल्ली माझ्या कमरेला. रुफैदा समोर उभी राहून काच पुसत होती. आणि फाट्कन! फटाका फुटावा तसा आवाज! मधल्या कप्प्यातला एक पेला गेला. तडकला नाही, तुटला नाही, गेला! त्या जागी खडीसाखरेसारखे खडे, कप्पाभर. हात कुणी लावला नाही, वारा नाही, मांजर नाही.

दार बंद होतं म्हणून रुफैदाच्या अंगावर काही आलं नाही. ती पांढरीफटक पडली. मी म्हटलं, "अरिष्ट फुटलं, बाई, अरिष्ट फुटलं. तुझ्यावरचं पेल्याने घेतलं." आपल्यात असंच म्हणतात. पण जमिनीवर आपटून जो फुटत नाही तो बसल्या जागी फुटतो, म्हणजे अरिष्ट केवढं असेल!

रुफैदा म्हणत होती, काचेत कुठेतरी आधीच काही झालं असेल, आपण बाकीचे काढून एकदा उजेडात बघू. मी म्हटलं, हात लावू नकोस कशालाही.

सोमवार, ९ ऑक्टोबर

दुसरा गेला. आज मनोऱ्याच्या टोकावरचा, दिव्याखालचा. तो गेला तेव्हा दार उघडं होतं आणि मी धूळ झटकत होते. खडे माझ्या बाहीत, केसांत, गालिच्यात. अनवाणी चाललेल्या रुफैदाच्या टाचेतून रक्त आलं.

रक्त बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

मंगळवार, १० ऑक्टोबर

एतिमादला बोलावलं. गल्लीत नजर उतरवणारी तिच्यासारखी कुणी नाही. तिने कागदाची बाहुली कातरली आणि एकेकीचं नाव घेत सुईने टोचली. दूधवालीच्या नजरेचं, नणंदेच्या नजरेचं, जिने पाहून अल्लाचं नाव घेतलं नाही तिच्या नजरेचं. मग शेगडीवर धूप टाकला, तुरटीचा खडा टाकला. तुरटी फुगते, वितळते आणि जिची नजर लागली तिचा आकार घेते. आम्ही दोघी वाकून बघत बसलो.

आधी बकरीसारखं काहीतरी झालं. मग हळूहळू एक नाक बाहेर आलं. मोठं, पुढे वाकलेलं नाक, आणि वरून डोक्याला घट्ट रुमाल बांधल्यासारखं!

एतिमाद पुटपुटली, "कुणासारखं दिसतंय गं, रुफैदाच्या आई?"

"तूच सांग."

"मी कशाला सांगू? मन्सूराला माझी मावसबहीण राहते. मला तिकडे जावं लागतं."

अगं बाई! नाव न घेता सगळं सांगून मोकळी झाली. साबिर दारात उभा होता. म्हणाला, "मला ते नाक माझ्यासारखं वाटतंय." ह्या माणसाला कशाचं गांभीर्य नाही.

मी ठरवलं. लग्न लागेपर्यंत हाग्गा नबविय्याने त्या घरात पाऊल ठेवायचं नाही. हुसामला तसं सांगितलं, गोड शब्दांत. म्हटलं, "बेटा, घरात रंगाचा वास आहे, तुझ्या आईला दमा होईल." तो म्हणाला, "मावशी, रंग दोन महिन्यांपूर्वी दिलाय." मी म्हटलं, "दमियातचा रंग उशिरा वाळतो."

गुरुवार, १२ ऑक्टोबर

एतिमादच्या पोटात काही राहत नाही. मावसबहिणीला फोन केला असणार. आज हाग्गाचाच फोन आला.

"विहीणबाई, माझं नाक शेगडीवर भाजलंत म्हणे?"

मी म्हटलं, "तसं नाही हो, हाग्गा..."

"ऐका. माझ्या डोळ्यांत एवढी ताकद असती ना, तर सगळ्यांत आधी मी वरच्या मजल्यावरच्या पोराचा ढोल फोडला असता. सहा वर्षं वाजवतोय मेला." मला हसू फुटणार होतं, पण तिचा आवाज एकदम बदलला. "पण एक सांगते. माझ्या मुलाच्या घरात पाय ठेवायला मला परवानगी लागत असेल, तर ते घर माझ्या मुलाचं नाही. पुढच्या गुरुवारी लग्न नाही. पुढे ढकला, नाहीतर मोडा. हुसामशी माझं बोलणं झालंय."

फोन ठेवला. रुफैदा तिथेच उभी होती, टाचेला पट्टी बांधलेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आई, तू एकदाही माझं ऐकून घेतलं नाहीस," आणि खोलीचं दार लावून घेतलं. साबिर न जेवता कारखान्यात गेला.

मी म्हणते, माझं काय चुकलं? मुलीच्या टाचेतून रक्त येताना बघत बसू? पण आता मेंदीवाली विचारतेय येऊ की नको, आणि मला काय सांगावं ते सुचत नाही.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

या अल्ला. या अल्ला. कसं लिहू?

नमाज झाली, जेवायला बसलो. रुफैदा बाहेर आली नाही. साबिर आणि मी, मध्ये माशाचं ताट, दोघंही खात नव्हतो. आणि आतल्या खोलीतून, फाट्कन!

मी धावले. आवाज पेटीतून आला होता. माझ्या पेटीतून! झाकण उघडलं, कपडे उपसले, टॉवेल उलगडला. सहांतला एक गेलेला. टॉवेलभर खडे, त्याच्याबरोबर दुसऱ्याच्या काठालाही टवका.

हे पेले नबविय्याने पाहिले नाहीत. एतिमादने पाहिले नाहीत, नणंदेने नाहीत, दूधवालीने नाहीत. ह्या पेल्यांवर जगात एकीचीच नजर पडली. माझी.

माझी!

शनिवार, १४ ऑक्टोबर

कोणाला सांगितलं नाही. साबिरने खडे गोळा केले, जाड कागदात गुंडाळून फेकून आला. आल्यावर विचारलं, "हे सहाही तू तारेनेच घासले होतेस का?"

मी म्हटलं, "घासले. स्वच्छतेचा इथे काय संबंध?" तो काहीतरी बोलणार होता, मी उठून गेले. मला वेगळीच काळजी आहे.

आता सगळं कळतंय. हाग्गा बिचारी कौतुक करून गेली. नजर माझ्यात आहे. आणि का नसेल? खरं लिहायला काय हरकत आहे, ही वही कोण वाचणार? मी नीश लावताना हसत होते आणि आतून जळत होते. माझी पोर आता दुसऱ्या बाईला सकाळचा चहा देणार. दुसऱ्या बाईला विचारणार, भातात मीठ किती घालू. बावीस वर्षं माझ्या घरात ती गुणगुणत भांडी घासायची, आता ते गुणगुणणं नबविय्याच्या मुलाच्या घरात. मला हेवा वाटतो! विहिणीचा हेवा वाटतो, नीशचा वाटतो, त्या पेल्यांचासुद्धा वाटतो, कारण ते तिच्याबरोबर जाणार आणि मी नाही. अशी आई असते का? पेले फुटणार नाहीत तर काय होईल!

आणि पेल्यांवर माझी नजर दोन दिवस होती. रुफैदावर ती जन्मल्यापासून आहे.

सकाळपासून मी तिच्याकडे बघणं बंद केलंय. तिने पाणी मागितलं, मी जमिनीकडे बघत दिलं. तिने विचारलं, "आई, माझ्याकडे का बघत नाहीस? इतकी रागावलीस?"

मी म्हटलं, "डोळे दुखतायत." आणि स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे कारण पुरेल.

ठरवलंय. लग्न झालं पाहिजे. मी लग्नाला जाणार नाही. आणि मन्सूराला जाऊन हाग्गाच्या पाया पडणार.

सोमवार, १६ ऑक्टोबर

आजचं सगळं लिहिते, एक शब्द सोडणार नाही.

सकाळीच निघाले. बरोबर मशब्बकचा मोठा डबा, आमच्या दमियातची जाळीदार, पाकातली मिठाई, तशी मन्सूरात मिळत नाही. गाडीत एका म्हाताऱ्याने वासावरून ओळखलं आणि दोन तुकडे खाल्ले. घाबरले होते, नाही कशी म्हणणार?

दार तिनेच उघडलं. मी पोपटासारखं पाठ केलेलं म्हणून टाकलं, उंबरठ्यावरच. "हाग्गा, नजर तुमची नाही, माझी आहे. पेटीतला पेला मी एकटीने पाहिला होता, तोही फुटला. मी लग्नाला येणार नाही. मुलांचं लग्न होऊ द्या."

पहिला प्रश्न काय विचारला असेल? "फुटला तेव्हा रुफैदाच्या अंगावर उडालं का? डोळ्याला वगैरे काही?"

"नाही. मागच्या वेळी टाचेला लागलं, ते बरंय आता."

"मग आत या. उंबऱ्यात उभं राहून कोणी रडतं का?"

स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. चहा टाकला. मग फळीवरून दोन पेले काढले आणि मी ताडकन उठले. तसेच पेले! तोच आकार, तीच जाड बुडं. पण जुने, काठ जरासा धुरकट.

"हे कधीचे?"

"माझ्या लग्नातले. हुसाम ह्यातूनच दूध प्यायला. बारा होते, आठ आहेत."

"आणि फुटत नाहीत?"

"रोज वापरते. नीशमध्ये बसवायला मला परवडलं नसतं."

मी बघत होते. आधी तिने पेल्यात कोमट पाणी घालून फिरवलं, ओतून दिलं, मगच उकळता चहा. ओट्यावर पाणी सांडलं होतं, तिथे पेला ठेवला नाही. खाली कपडा घातला. फळीवरच्या आणखी एका पेल्याच्या काठावरून बोट फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. "हा गेला," म्हणाली, आणि सरळ वर्तमानपत्रात गुंडाळून बादलीत! मी म्हटलं, "अहो, चांगला आहे की!" तर म्हणाली, "टवका उडालाय. ही काच टवका उडाल्यावर बोलत नाही, एक दिवस एकदम ओरडते."

चहा झाल्यावर मी भांडी घासायला उठले. विहिणीच्या घरी बसून कशी राहणार? मोरीपाशी तार दिसली, घेतली, पेल्याला लावणार इतक्यात ती किंचाळली.

"तार नको!"

"का?"

"का म्हणजे? चरे पडतात! तार पातेल्याची आहे." मग थांबली. डोळे बारीक केले. "इन्शिराह," म्हणाली. विहीणबाई नाही, हाग्गापणा नाही, सरळ माझं नाव. "ते पेले तू तारेने घासलेस?"

"लेबलं निघत नव्हती."

"लेबलं कशाने काढलीस?"

"सुरीने."

"कोमट पाण्यात भिजत घालून नाही?"

"एवढा वेळ कोणाला आहे?"

"आणि ठेवलेस कसे?"

"एकात एक. दोन अडकले, तर ठोकून सोडवले."

"आणि?"

"आणि..." मी डोकं खाली घातलं. "एतिमादला खरं वाटत नव्हतं, म्हणून टाकून दाखवला."

"किती जणींना दाखवलास?"

"जिन्यात रांग होती."

ती बघत राहिली, बघत राहिली, आणि मग सुटली. अशी हसली, अशी हसली की डोक्यावरचा रुमाल मागे गेला आणि ओट्याला धरून बसावं लागलं. "अगं बाई, तू त्या पेल्यांना युद्धावर पाठवलंस! वर तुझ्या नवऱ्याच्या दिव्यांची भट्टी! आणि नाक माझं भाजलंस!" मलाही हसू आवरेना. दोन विहिणी मोरीपाशी बसून रडेपर्यंत हसत होतो.

मग डोळे पुसून तिने समजावलं. ही काच वरून दांडगी असते, साध्या काचेपेक्षा कितीतरी. पण तिचं बळ तिच्या कातडीत. कातडीला खोल चरा गेला की आतला ताण वाट बघत राहतो, तासभर, महिनाभर, आणि मग कोणी हात न लावताही सुटतो. फुटताना मोठे भाले होत नाहीत, खडे होतात, हे नशीब. पण खडे डोळ्यात जाऊ शकतात. चुलीवर ठेवायची नाही, फ्रिजमधून काढून उकळतं ओतायचं नाही. नवी नवरी असताना तिने तसं केलं होतं, तेव्हा चार गेले. मनगटावरची खूण दाखवली. त्या वेळी तिच्या सासूनेही नजरेचंच म्हटलं होतं.

"कोणाच्या नजरेचं?"

"माझ्या आईच्या," ती म्हणाली. हसली नाही. "मग आई दोन वर्षं माझ्या घरी आली नाही."

तिने माझ्या हातातली तार काढून घेतली.

"तू लग्नाला आली नाहीस," ती म्हणाली, "तर मी भांडायचं कोणाशी? साबिर तर बोलत नाही." आणि मग, तीच ती, नाक वर करून, "बोल आता. जेवणार की हलक्या पोटाने जाणार?"

मी म्हटलं, "जेवणार! भरपूर!"

मंगळवार, १७ ऑक्टोबर

लग्न परवा आहे! परवाच! मेंदीवालीला तीनदा फोन केला, तिला वाटलं मी वेडी झाले.

हाग्गा आज सकाळीच दमियातला आली आणि सरळ त्या घरात शिरली, माझा हात धरून. नीशमधला एकेक पेला आम्ही खिडकीशी धरून पाहिला. अगं बाई, काय चरे! उन्हात बघितल्यावर मांजराने ओरबाडल्यासारखे. काठ टवके उडालेले. एकही धड नाही. हातात जाड मोजे घालून सगळे काढले, जाड कपड्यात गुंडाळले, वर लिहिलं ‘काच आहे’. काढताना एक तिच्या मोज्यातच गेला, फाट्! दोघी उडालो आणि पुन्हा हसत सुटलो. गालिचा झाडला, मग ओल्या कापडाने टिपला. साबिरने तापणारे दिवे काढले आणि गार उजेडाचे लावले. जाताना मला म्हणाला, "लोणच्याखालचा कागद आता वाचायला हरकत नाही."

रुफैदाला सांगितलं. तिची माफी मागितली नाही, ते मला जमत नाही. म्हटलं, "तू त्या दिवशी काहीतरी सांगत होतीस. आता सांग." ती म्हणाली, "राहू दे आई, आता कळलंय तुला." मी म्हटलं, "नाही, सांग." मग तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि मी मध्ये एकदाही बोलले नाही. जीव जात होता.

पण तिच्याकडे अजून नीट बघवत नाही. पेल्यांचं पटलंय मला. तरी तुरटीवर नाक आलं होतं ते आलंच होतं. आणि हेवा तर खराच होता. उगीच धोका कशाला? दोन दिवस तर राहिलेत.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

लग्न लागलं! पाय सुजलेत, घसा बसलाय. हाग्गाने माझ्यापेक्षा जोरात उलुलुलु केलं, त्याचा हिशेब नंतर करीन. रुफैदा पांढऱ्या पोशाखात जिना उतरली तेव्हा सगळे माशाल्ला माशाल्ला करत होते आणि मी तिच्या बुटांकडे बघत होते. बूट छान होते.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

लग्नानंतरच्या सकाळी आईने जेवण घेऊन जायचं असतं. बदक, भात, भरलेली कबुतरं, पेटीभर फळं. दारात हाग्गा आधीच उभी, तिच्याकडेही बदक. "तुझं मोठं आहे की माझं?" म्हणाली. माझं मोठं होतं.

रुफैदाने दार उघडलं. आम्हाला बसवलं. नीशचा मधला कप्पा रिकामा असेल, मी तिकडे बघणार नाही असं ठरवून आले होते. पण तो रिकामा नव्हता. त्यात सात जुने पेले होते, धुरकट काठाचे, एकेक सुटा, कोणावर कोणी नाही. मी हाग्गाकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

"अहो, हे तुमच्या लग्नातले!"

"मग? मी एकटी किती चहा पिऊ?"

आणि रुफैदाने काय केलं! नीशचं दार उघडलं. आमच्या अख्ख्या गल्लीत नीशमधल्या भांड्यात कोणी पाणी प्यायलेलं मी पाहिलं नाही. हिने तीन पेले काढले, कोमट पाणी फिरवलं, खाली कपडा घातला आणि चहा ओतला. पहिला पेला माझ्यापुढे आणला. सासूच्या आधी. मी हात पुढे केला, डोळे खाली.

"आई," ती म्हणाली. "बघ ना माझ्याकडे."

"डोळे दुखतायत गं."

"दुखू देत."

ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, चहाचा पेला मध्ये धरून. मग मी बघितलं. डोळे भरून बघितलं, जन्मल्यापासूनचं सगळं बघितलं. हेवा होता, तोही आला. माशाल्ला म्हणायचं राहून गेलं. मी श्वास धरून वाट बघितली.

काही फुटलं नाही. चहा गोड झाला होता, साखर माझ्यासारखीच जास्त घालते.